इन्स्ट्रुमेंट रेटिंग : जुने सल्ले, बदललेले नियम आणि लॉगबुकाचा हिशेब

अमेरिकेत प्रायव्हेट पायलट झालेल्या माणसाला ढगात शिरायचे असेल तर इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागते. हे रेटिंग कसे मिळवायचे, असे एखाद्या लहान विमानतळावर चार जणांना विचारले तर चार उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, आधी एकूण १२५ तास हवेत. कोणी म्हणतो, सिम्युलेटरचे फक्त १० तास धरतात. कोणी सांगतो की करन्सीसाठी, म्हणजे मिळालेले रेटिंग वापरता येत राहावे म्हणून लागणाऱ्या सरावासाठी, सिम्युलेटरवर बसायचे तर दर दोन महिन्यांनी बसावे लागते. यातले कोणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक जण आपापल्या काळचा नियम सांगतो आहे, आणि तो नियम मध्यंतरी बदललेला आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. या रेटिंगमध्ये माणसे उडण्यापेक्षा कागदावर जास्त अडतात. चेकराइडच्या, म्हणजे उडून द्यायच्या परीक्षेच्या, सकाळी परीक्षक लॉगबुक (उड्डाणांची नोंदवही) उघडतो, बेरीज करतो, आणि विमानापर्यंत न जाताच परीक्षा पुढे ढकलली जाते. म्हणून इथे उड्डाणाच्या तंत्रापेक्षा तासांच्या हिशेबावर भर दिला आहे. ढगात सुई मध्यावर कशी ठेवायची ते तुमचा सीएफआयआय शिकवेल. सीएफआयआय म्हणजे इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा परवाना असलेला इन्स्ट्रक्टर.

काय बदलले

१९८६ पर्यंत या रेटिंगसाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागायचे. त्या वर्षी ते १२५ वर आले आणि १९९७ मध्ये भाग ६१, म्हणजे वैमानिकांच्या परवान्यांचे अमेरिकी नियम, नव्याने लिहिला गेला तेव्हा एकूण तासांची अटच गेली. त्यामागचे कारण साधे होते. खाजगी वैमानिकांचे बरेच अपघात चांगल्या हवेतून वाईट हवेत घुसल्याने होतात, मग ज्या प्रशिक्षणाने ते टळतील ते दोनशे तासांनंतर देण्यात अर्थ काय? आज एकूण तासांचा आकडा कोणी विचारत नाही, पण ५० तासांची क्रॉस-कंट्रीची (लांबच्या उड्डाणांची) अट शिल्लक आहे. ती किती जड आहे ते पुढे येईलच.

सिम्युलेटरचा नियम जरा वाकडातिकडा चालत आला. काही यंत्रांच्या मंजुरीपत्रांत २० तासांची सवलत लिहिलेली होती, नियमात मात्र १० च होते. २०१४ च्या सुरुवातीला एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, १० वरच बोट ठेवले आणि ज्यांनी २० धरून आखणी केली होती त्यांची पंचाईत झाली. २०१६ मध्ये नियमच बदलला. आता ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग डिव्हाइस, म्हणजे एएटीडी, असेल तर २० तास धरतात आणि साधे बीएटीडी असेल तर १० तास. दोन्ही मिळून २० च्या वर नाही. यंत्रावर बसून हूड, म्हणजे बाहेरचे दिसू नये अशी झापड, घालण्याची गंमतही त्याच वेळी बंद झाली. पडद्यावरच ढग दाखवता येत असताना डोळ्यांवर झापड कशाला, हे कळायला बराच काळ गेला म्हणायचा.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून करन्सीचा नियम सोपा झाला. २०१७ च्या १ मे पासून बेसिकमेडवर, म्हणजे मेडिकल सर्टिफिकेटऐवजीच्या सोप्या सोयीवर, आयएफआर (इन्स्ट्रुमेंट उड्डाणाच्या नियमांनी) उडता येते. २०२२ च्या डिसेंबरपासून बेसिकमेडवाला माणूस सेफ्टी पायलट (हूडखालच्या वैमानिकासाठी बाहेर लक्ष ठेवणारा) म्हणूनही बसू शकतो, तो त्या उड्डाणाचा पायलट-इन-कमांड, म्हणजे जबाबदार वैमानिक, नसला तरी. त्याआधी तेवढ्यासाठी मेडिकल सर्टिफिकेट लागायचे, आणि गावातले अनुभवी म्हातारे वैमानिक बिचारे रिकामे बसून असायचे. चेकराइडची मोजपट्टी म्हणजे एसीएस २०१६ पासून लागू आहे, तिची ‘८सी’ आवृत्ती ३१ मे २०२४ पासून चालते. जुन्या आवृत्तीची छापील प्रत कपाटात असेल तर ती रद्दीत द्या.

आज काय लागते

भाग ६१ खाली, म्हणजे मंजूर शाळेच्या अभ्यासक्रमाला बांधून न घेता शिकणाऱ्यासाठी:

- पायलट-इन-कमांड म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री, त्यातले किमान १० विमानातले.
- ४० तास इन्स्ट्रुमेंट, खऱ्या ढगातले किंवा हूडखालचे. त्यातले किमान १५ सीएफआयआयकडून.
- चेकराइडच्या आधीच्या २ कॅलेंडर महिन्यांत किमान ३ तासांचे प्रशिक्षण, विमानातच.
- इन्स्ट्रक्टरबरोबर आयएफआर फ्लाइट प्लॅन भरून २५० नॉटिकल मैलांचे एक उड्डाण, प्रत्येक विमानतळावर अप्रोच (इन्स्ट्रुमेंटच्या आधारे धावपट्टीकडे उतरत येणे), आणि तीन वेगवेगळ्या प्रकारचे अप्रोच.
- लेखी परीक्षा. ६० प्रश्न, ७० टक्के पास. निकाल २४ कॅलेंडर महिने चालतो.

भाग १४१ च्या शाळेत हाच रस्ता वेगळा आहे. तिथे मंजूर अभ्यासक्रमात ३५ तास इन्स्ट्रुमेंट पुरतात आणि ५० तास क्रॉस-कंट्रीची अटच नाही. पूर्णवेळ शिकणाऱ्याला, म्हणजे प्रायव्हेट मिळाल्या मिळाल्या पुढे जाणाऱ्याला, हे फायद्याचे आहे. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार उडणाऱ्याला १४१ च्या शाळेची चाकोरी बहुधा झेपत नाही. इथून पुढे भाग ६१ धरून बोलू.

पन्नास मैल म्हणजे किती

या रेटिंगसाठी क्रॉस-कंट्री म्हणजे निघालेल्या विमानतळापासून सरळ रेषेत ५० नॉटिकल मैलांपेक्षा जास्त अंतरावर उतरणे. मधले थांबे कितीही असोत, एक तरी लँडिंग त्या ५० मैलांच्या वर्तुळाबाहेर झाले पाहिजे. हवेत वळसा घालून ७० मैल उडालात आणि ४५ मैलांवर उतरलात तर ते धरत नाहीत. आणि बरोबर ५० चालत नाही, ५० पेक्षा जास्त हवे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी बरेच मराठी लोक पालो आल्टोहून उडतात. तिथून स्टॉकटनला जाणे सोपे, मोठी धावपट्टी, आयएलएस (धावपट्टीपर्यंत नेणारी रेडिओ यंत्रणा). पण सरळ रेषेत ते अंतर सुमारे ४९ नॉटिकल मैल भरते. म्हणजे तिथे कितीही वेळा जाऊन आलात तरी या ५० तासांत शून्य. थोडे पुढे मोडेस्टोला गेलात तर अंतर सुमारे ५६, आणि अख्खे उड्डाण धरले जाते. उड्डाणाच्या वेळेत फरक पाच मिनिटांचाही नाही. तुमच्या विमानतळाभोवती ५० मैलांचे वर्तुळ एकदा काढा आणि त्याच्या जरा बाहेरचे चार-पाच विमानतळ लिहून ठेवा. पुढचे सहा-आठ महिने तुम्हाला तेच लागणार आहेत.

इथे एक सवलत फार जणांना माहीत नसते. तुमच्याकडे प्रायव्हेट आहे, त्या विमानाचे रेटिंग आहे, आणि कंट्रोल फक्त तुमच्या हातात आहेत, तर सीएफआयआय शेजारी असतानाही तो वेळ तुम्ही पायलट-इन-कमांड म्हणून लिहू शकता. एकाच उड्डाणात ड्युअल (इन्स्ट्रक्टरबरोबरचा वेळ) आणि पायलट-इन-कमांड दोन्ही रकाने भरायचे. उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी कोणाची आणि तास कोणाच्या रकान्यात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खऱ्या ढगात जबाबदारी सीएफआयआयची असते, कारण तुमच्याकडे रेटिंग नाही. तास तरीही तुमचेच. म्हणून प्रशिक्षणाचे प्रत्येक उड्डाण शक्य तितके वर्तुळाबाहेर न्या. विद्यार्थी असताना एकट्याने केलेली क्रॉस-कंट्रीही या ५० मध्ये येते, ती विसरू नका.

एक हिशेब करून पाहू

समजा लॉगबुकात पायलट-इन-कमांड क्रॉस-कंट्री १८ तास आहे आणि प्रायव्हेटच्या वेळचे इन्स्ट्रुमेंट ३.५ तास. उरले ३२ आणि ३६.५.

वर्तुळाच्या जरा बाहेर जाऊन-येऊन साधारण १.९ तासांचे उड्डाण होते, आणि टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग वजा जाता हूडखालचे १.५ मिळतात. एएटीडीवर पुरे २० तास घेतले तर विमानात इन्स्ट्रुमेंटचे १६.५ उरतात, म्हणजे ११ उड्डाणे. त्यातून क्रॉस-कंट्री मिळते २०.९. अजून ११.१ कमी! ते तास नंतर नुसते उडून भरावे लागतात. एकूण विमान ३२ तास, यंत्र २०.

आता यंत्रावर फक्त ८ तास घेऊन पाहा. विमानात २८.५, म्हणजे १९ उड्डाणे, क्रॉस-कंट्री ३६.१. दोन्ही अटी एकदमच पुऱ्या. विमान ३६, यंत्र ८. म्हणजे यंत्रावरच्या जादा १२ तासांनी विमानाचे जेमतेम ४ तास वाचले. ‘सिम्युलेटर स्वस्त पडतो’ हे वाक्य ज्याच्याकडे क्रॉस-कंट्री आधीच ४० तास आहे त्याच्यासाठी खरे आहे. ज्याच्याकडे १८ आहे त्याची अडचण इन्स्ट्रुमेंटची नाहीच, क्रॉस-कंट्रीची आहे. प्रत्यक्षात सगळी उड्डाणे दूरची होत नाहीत, काही होल्ड (ठरलेल्या जागी हवेत घिरट्या घालणे) आणि अप्रोच घराजवळच घोटावे लागतात, तेव्हा आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण आधी हा हिशेब मांडा आणि मग यंत्राचे पॅकेज विकत घ्या.

तरी सुरुवातीचे पाच-सहा तास यंत्रावर घालवावेत. होल्डमध्ये शिरायचे कसे हे चुकले की यंत्र जागेवर थांबवता येते, सीएफआयआय फळ्यावर काढून दाखवतो, आणि पुन्हा तिथूनच चालू. हवेत ही सोय नाही.

यंत्र कोणते हेही पाहा. घरच्या संगणकावरचा खेळ, कितीही हुबेहूब असला तरी, शून्य तास देतो. एफएएचे मंजुरीपत्र असलेले यंत्रच चालते. रेडबर्ड कंपनीचे एफएमएक्स एएटीडी आहे, टीडी२ बीएटीडी. मंजुरीपत्र ६० महिन्यांचे असते, तेव्हा त्यावरची तारीख बघून त्याची एक प्रत लॉगबुकात ठेवा. रेटिंगसाठी धरायचे तास इन्स्ट्रक्टर समोर असतानाचेच हवेत. आणि यंत्रावरचा वेळ एकूण उड्डाणात किंवा पायलट-इन-कमांडमध्ये मिळवू नका. तो फक्त इन्स्ट्रुमेंट आणि ट्रेनिंग डिव्हाइस या दोन रकान्यांत जातो. ही चूक इलेक्ट्रॉनिक लॉगबुकात नकळत होते, कारण ते एकूण तासांची बेरीज आपोआप करते.

नोंद कशी लिहायची

इन्स्ट्रक्टरबरोबरच्या एका उड्डाणाची पुरी नोंद अशी दिसते: पालो आल्टो–मोडेस्टो–पालो आल्टो, एकूण १.९, पायलट-इन-कमांड १.९, क्रॉस-कंट्री १.९, ड्युअल १.९, हूडखाली १.५, अप्रोच एक : आयएलएस २८आर, मोडेस्टो. होल्ड एक. शेरा आणि सीएफआयआयची सही.

परीक्षकाला यातले १.९ आणि १.५ वेगळे दिसले की बरे वाटते. ज्याच्या लॉगबुकात प्रत्येक उड्डाणाचा एकूण वेळ आणि हूडचा वेळ एकच आहे, त्याने टॅक्सीसुद्धा हूड घालून केली होती की काय, असा प्रश्न येतोच. अप्रोचचा नुसता आकडा पुरत नाही. कुठला विमानतळ, कुठला अप्रोच, हे नियमातच मागितले आहे.

कोणता अप्रोच ‘झाला’ म्हणायचा? हूडखाली असाल तर एमडीए किंवा डीएपर्यंत, म्हणजे धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्याखाली जाता येत नाही त्या उंचीपर्यंत, हूड काढायचा नाही, तरच तो मोजतात. खऱ्या ढगात असाल आणि फायनल अप्रोच फिक्सच्या (अप्रोचचा शेवटचा टप्पा जिथे सुरू होतो त्या बिंदूच्या) पुढे ढग संपून धावपट्टी दिसली, तर तो धरला जातो. फिक्सच्या आधीच मोकळ्यात आलात आणि हूडही नाही, तर नाही. एफएएने २०१५ मध्ये हे लेखी स्पष्ट केले, त्याआधी यावर क्लबांमध्ये तासन्‌तास वाद व्हायचे.

सेफ्टी पायलटबरोबर उडताना त्याचे नाव लिहिणे सक्तीचे आहे. त्याच्याकडे किमान प्रायव्हेट आणि त्या विमानाच्या कॅटेगरी व क्लासचे रेटिंग हवे, विमानाला दुहेरी कंट्रोल हवेत. क्रॉस-कंट्रीचे तास फक्त कंट्रोल धरणाऱ्याला मिळतात, सेफ्टी पायलटला नाही. दोघांनी एकाच उड्डाणाची क्रॉस-कंट्री लिहिली की एक लॉगबुक चुकले. उडण्याआधी त्या दिवसाचा कायदेशीर पायलट-इन-कमांड कोण हे ठरवा आणि विम्याच्या अटीत तो बसतो का ते पाहा. शनिवारी सकाळी कॉफी पिताना हे दोन मिनिटांत होते, आणि धावपट्टीवर कोणाचा टायर फुटला की त्याच दोन मिनिटांची किंमत कळते. तुमच्याकडे रेटिंग येईपर्यंत सेफ्टी पायलटबरोबर ढगांपासून लांबच राहा. अपवाद एकच : तो स्वतः इन्स्ट्रुमेंट रेटेड आणि करंट असेल, आणि आयएफआर उड्डाणाची जबाबदारी घेत असेल.

अडीचशे मैलांचे उड्डाण

पुन्हा करायला सगळ्यांत महाग पडणारे उड्डाण हेच. यात चार ठिकाणी माणसे चुकतात.

अंतर एकूण २५० नॉटिकल मैल, एअरवेने किंवा एटीसीने, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने, दिलेल्या मार्गाने. कंट्रोलरने मधेच ‘थेट जा’ म्हटले की दहा-पंधरा मैल गळतात. म्हणून आखणी २७५ ची करा.

प्रत्येक विमानतळावर अप्रोच हवा, घरी परतल्यावरही. हवा छान आहे, चला व्हिज्युअलने उतरू, असे शेवटच्या टप्प्यात हमखास होते, आणि त्याने सगळे उड्डाण बाद होऊ शकते. आणि हे मुळात क्रॉस-कंट्री आहे, तेव्हा ५० मैलांबाहेर एकदा तरी चाके टेकवा. तिन्ही ठिकाणी मिस्ड अप्रोच (न उतरता पुन्हा वर निघून जाणे) करून घरी आलात तर ती क्रॉस-कंट्री होत नाही.

तीन ‘वेगळ्या प्रकारचे’ अप्रोच म्हणजे काय, यावर वकिली करता येते. जीपीएसवरच एलपीव्ही (उंचीही दाखवणारा) आणि एलएनएव्ही (फक्त दिशा दाखवणारा) असे दोन धरता येतील का, आयएलएस आणि त्याचाच लोकलायझर (दिशा दाखवणारा भाग) वेगळे का, वगैरे. त्या वादात पडू नका. एक आयएलएस, एक व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावर आधारलेला), एक आरनॅव्ह (जीपीएसवरचा) घ्या, कोणीही बोट ठेवणार नाही. मात्र व्हीओआर केंद्रे कमी होत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर बरेच व्हीओआर अप्रोच रद्द झाले आहेत. सीएफआयआयच्या आठवणीवर न जाता चालू चार्ट पाहा आणि ते केंद्र बंद असल्याची नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) आहे का तेही पाहा.

चौथी चूक विमानाची. हे खरे आयएफआर उड्डाण आहे, म्हणून विमानही आयएफआरसाठी वैध हवे. पिटो-स्टॅटिक (उंची-वेग मोजणारी हवेच्या दाबाची यंत्रणा) आणि ट्रान्सपाँडरची (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राची) तपासणी २४ कॅलेंडर महिन्यांच्या आत, जीपीएसचा डेटाबेस चालू, आणि व्हीओआर वापरायचा तर त्याची तपासणी गेल्या ३० दिवसांतली. ही शेवटची बऱ्याच भाड्याच्या विमानांत राहिलेली असते. पाच मिनिटांचे काम आहे. दोन व्हीओआर असतील तर दोन्ही एकाच केंद्रावर लावून फरक ४ अंशांच्या आत आहे का पाहायचे, किंवा जमिनीवरच्या चेकपॉइंटवर ४ अंश, हवेतल्यावर ६ अंश. मग तारीख, जागा, चूक किती आणि सही. सही राहिली तर तपासणी झालीच नाही.

ज्यांच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व नाही

हा भाग अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी वाचकांना लागू आहे, व्हिसावर असा किंवा ग्रीन कार्डवर. पहिले प्रायव्हेट, इन्स्ट्रुमेंट आणि मल्टी-इंजिन, या तिन्हींच्या प्रशिक्षणाआधी टीएसएची (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा संस्थेची) मंजुरी लागते. पूर्वी प्रत्येकासाठी नव्याने अर्ज करावा लागायचा. ३० जुलै २०२४ पासून एकदा झालेली सुरक्षा पडताळणी कमाल ५ वर्षे चालते. पण याचा अर्थ गुपचूप शिकायला सुरुवात करायची असा नाही. शाळेने किंवा इन्स्ट्रक्टरने नव्या प्रशिक्षणाची नोंद पोर्टलवर टाकावीच लागते. प्रायव्हेट जुन्या पद्धतीने केले असेल तर ती मंजुरी तेवढ्यापुरतीच होती, आता नवीन अर्ज करा. व्हिसाची किंवा पासपोर्टची मुदत संपत आली असेल तर आधी ते नीट करून घ्या.

इथे आपल्या नावांची खास अडचण आहे. पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव पहिल्या नावाच्याच रकान्यात असते, ड्रायव्हिंग लायसन्सवर ते मधले नाव होते, आणि आयएक्राच्या (एफएएच्या ऑनलाइन अर्ज प्रणालीच्या) खात्यात कोणी ते गाळूनच टाकतो. टीएसए, आयएक्रा आणि लेखी परीक्षेचे केंद्र, तिन्हीकडे नाव अक्षरशः एकसारखे ठेवा. परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळले नाही तर बसू देत नाहीत.

भारताचा परवाना आणि त्यावर इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर कलम ६१.७५ खाली त्याच्या आधारावर अमेरिकेचे प्रायव्हेट सर्टिफिकेट मिळते, आणि परदेशी वैमानिकांसाठीची छोटी इन्स्ट्रुमेंट लेखी परीक्षा दिल्यावर रेटिंगही. चेकराइड नाही. पण ते सर्टिफिकेट मूळ परवान्याला बांधलेले असते. तिकडचा परवाना संपला की इकडचे सर्टिफिकेटही निकामी. इथे कायमचे राहायचे असेल तर स्वतंत्र अमेरिकन रेटिंग घेणे शहाणपणाचे.

चेकराइडच्या आधीचे दोन महिने

२ कॅलेंडर महिन्यांची अट नीट समजून घ्या. चेकराइड २० ऑगस्टला असेल तर १ जूनपासूनचे तास धरतात. हवा बिघडून ती ५ सप्टेंबरला गेली की जून गेला. जूनमध्येच तिन्ही तास उरकून जुलैमध्ये सुट्टीवर गेलेला माणूस इथे अडकतो. शेवटचा एक तास चेकराइडच्या आठवड्यात ठेवा. हे ३ तास यंत्रावर चालत नाहीत.

लेखी परीक्षेच्या निकालपत्रावर चुकलेल्या विषयांचे एसीएस कोड छापलेले असतात. सीएफआयआयने त्या विषयांची उजळणी घेतल्याची सही लॉगबुकात हवी. परीक्षक तोंडी परीक्षेची सुरुवातही बहुधा त्याच कोडांवरून करतो.

मर्यादा अशा : उंची १०० फुटांच्या आत, दिशा १० अंशांच्या, वेग १० नॉटच्या आत. एमडीएच्या वर १०० फूट चालतील, खाली एक फूटही नाही. आयएलएसवर सुई पाऊण पट्टीच्या पलीकडे जाता कामा नये. दोन नॉन-प्रिसिजन आणि एक प्रिसिजन (उतरण्याच्या कोनाचेही अचूक मार्गदर्शन देणारा) अप्रोच करावे लागतात, त्यातला एक काही इन्स्ट्रुमेंटे बंद धरून. एलपीव्हीचा डीए जमिनीपासून ३०० फूट किंवा कमी असेल तर तो प्रिसिजन म्हणून चालतो.

नापास होण्याचे एक कारण इतके नेहमीचे आहे की ते जवळून पाहू. आरनॅव्हचा अप्रोच संपला, मिस्ड झाला, आता आयएलएस. तुम्ही जीपीएसमध्ये आयएलएस लोड केलात, फ्रिक्वेन्सी आली, व्हेक्टर (कंट्रोलरने दिलेली दिशा) मिळाले, सुई सुंदर मध्यावर आहे. पण सीडीआय (मार्गापासून किती सरकलो ते दाखवणारी ही सुई) अजून जीपीएसवरच आहे! सुई दाखवते आहे ती जीपीएसची रेषा. ग्लाइडस्लोपची (उतरण्याच्या कोनाची) सुई हलत नाही म्हणून तुम्ही वाट पाहता, आणि वर राहून जाता. उपाय म्हणजे एक ठरलेला क्रम. अप्रोच लोड, फ्रिक्वेन्सी सक्रिय, मोर्स ऐकून ओळख, सीडीआय लोकलायझरवर, पडद्यावर तसे लिहिले आहे का ते बोटाने दाखवून मोठ्याने म्हणा. मोठ्याने म्हणायला लाजू नका, परीक्षकालाही ते ऐकायचे असते.

दुसरे कारण घाई. व्हेक्टर-टू-फायनल फार लवकर सक्रिय केले की आधीचे फिक्स जीपीएसमधून निघून जातात. मग कंट्रोलर अचानक त्यातल्याच एका फिक्सकडे थेट जा म्हणतो आणि माणूस बटणे शोधत बसतो. विमान तोवर १५० फूट वर गेलेले असते.

रेटिंग मिळाल्यानंतर

अमेरिकेचे रेटिंग संपत नाही. भारतात ते दर वर्षी चेक देऊन चालू ठेवावे लागते, इथे चालू ठेवायची असते ती करन्सी. ज्या महिन्यात उडायचे त्याच्या आधीच्या ६ कॅलेंडर महिन्यांत ६ अप्रोच, होल्डिंग, आणि कोर्स पकडून त्यावर राहणे. मार्चच्या १० तारखेला सहा अप्रोच केलेत तर ३० सप्टेंबरपर्यंत चालते, १ ऑक्टोबरला संपते. होल्डची नोंद राहून जाते, कारण हल्ली एटीसी होल्ड क्वचितच देते. अप्रोच आठ असतील आणि होल्ड शून्य, तर तुम्ही करंट नाही.

हे सगळे मंजूर यंत्रावर करता येते, इन्स्ट्रक्टर लागत नाही. २०१८ आधी याच यंत्रावर दर दोन महिन्यांनी, जादा कामांसह बसावे लागायचे. आता विमान आणि यंत्र दोन्हींसाठी सहाच महिने, आणि थोडे इथले थोडे तिथले अशी बेरीजही चालते.

मुदत हुकली तर आणखी ६ महिने मिळतात. त्या काळात आयएफआर उडता येत नाही, पण चांगल्या हवेत सेफ्टी पायलटबरोबर किंवा यंत्रावर उरलेले अप्रोच पुरे करता येतात. तेही गेले की आयपीसी, म्हणजे सीएफआयआय किंवा परीक्षकाकडून पुन्हा तपासणी. त्यात काय काय करायचे हे एसीएसमध्ये ठरलेले आहे. ‘दोन अप्रोच उडून दाखव, सही करतो’ असे आता चालत नाही. बरीचशी कामे एएटीडीवर होतात, पण सर्कलिंग अप्रोच आणि लँडिंग विमानातच करावे लागते. सगळी आयपीसी यंत्रावर उरकून मिळेल असे कोणी सांगितले तर पैसे देण्याआधी त्याला सर्कलिंगचे काय करणार ते विचारा.